पाठीवरचं कासव

३ मार्च

प्रिय आत्या,

शिबिरात पाऊल टाकलं आणि मास्तरांनी सगळ्यांचे फोन प्लास्टिकच्या टोपलीत गोळा केले. संध्याकाळी थोडा वेळ परत मिळतात, तेही जेवणाच्या हॉलमध्ये, सगळ्यांच्या देखत. तेवढ्यात आईशी बोलायचं की तुझ्याशी? म्हणून पत्र. अक्षराला हसू नकोस.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते: टाच बरी आहे. डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली आहे. महिनाअखेरीस सेमीफायनल, जिंकलो तर पुढच्या महिन्यात फायनल. आमच्या क्लबने आजवर फायनल पाहिली ती प्रेक्षकांत बसूनच.

मास्तर म्हणजे आमचे नवे फिटनेस ट्रेनर. त्यांनी एक भानगड आणली आहे. सरावाला बनियनच्या आत, दोन खांद्यांच्या मधोमध, काडेपेटीएवढं यंत्र घालायचं. कोण किती पळालं, किती वेगाने, किती उड्या, सगळं त्यांच्या टॅबलेटवर उमटतं. आम्ही त्याला कासव म्हणतो. सकाळी मास्तर कासवं वाटतात, संध्याकाळी आकडे भिंतीवर लावतात. ज्यांचे आकडे वर, त्यांना सामन्यात जास्त वेळ. त्यांचं म्हणणं असं की सराव हा सामन्यापेक्षा अवघड असतो, इथे झेपलं की तिथे झेपलंच. कोचबाई त्यांच्या सुरात सूर मिळवतात. सामन्यात कासव घालायला लीगची बंदी आहे, त्यामुळे मास्तरांना खोटं पाडायची सोयच नाही.

खोलीत माझ्याबरोबर माई आहे. तिचं नाव वेगळं, पण संघात वयाने सगळ्यांत मोठी म्हणून माई. ती बास्केटखाली भिंतीसारखी उभी राहते, मी बॉल पुढे आणते आणि तिच्या हातात देते. हा तिचा शेवटचा हंगाम. ती तुझ्याविरुद्ध एकदा खेळली आहे म्हणे. म्हणते, तुझी आत्या कोपर मारायची.

तुझी,
शिडी


८ मार्च

शिडीबाई,

मी कोपर कधी मारलं नाही. मी ते ठेवायचे, लोक येऊन आपटायचे. माईला सांग.

टाच बरी आहे हे तू पहिल्याच ओळीत लिहिलंस, म्हणजे ती बरी नसणार. तू लहानपणीही घरात शिरता शिरता ‘मी काही फोडलं नाही’ म्हणायचीस. मला एवढंच सांग, सकाळी बिछान्यातून उठलीस की पहिली पावलं कशी पडतात? ताठ, की म्हातारीसारखी?

मास्तरांना माझा नमस्कार सांग, आणि पुढचं सांगू नकोस. मागच्या हंगामात, मी ज्या संघाची ट्रेनर आहे तिथल्या पोरींना मी दोस्तीच्या सामन्यात छातीला नाडी मोजायचे पट्टे बांधले होते. सरावात त्या सामन्यापेक्षा जास्त पळतात, हे खरं आहे. सामन्यात सारखी शिट्टी, फ्री थ्रो, टाइमआउट, पळायला मिळतं कुठे? पण नाडी काही खाली येत नाही. पोरगी फ्री थ्रोच्या रेषेवर नुसती उभी आहे, पाय हलत नाहीत, आणि छाती मात्र चार जिने चढून आल्यासारखी. सरावात एखादीचा धक्का लागला तर ती ‘सॉरी गं’ म्हणते. सामन्यात ती दुसरा देते.

आणि मुख्य गोष्ट म्हणजे थांबणं. सरावात कुठे वळायचं ते तुला आधी माहीत असतं, पाय आपोआप तयारीत असतो. सामन्यात ते समोरची ठरवते. तू वेगात असताना ती आडवी येते, तुला पाय रोवावा लागतो आणि तिथूनच उलटं फिरावं लागतं. टाचेमागची शीर सरळ पळण्याने बिघडते त्याहून जास्त या थांबण्याने बिघडते. त्यामुळे भिंतीवरचे आकडे बघून हुरळून जाऊ नकोस.

दादाला मी काही बोललेले नाही. तुझ्या बापाला कळलं तर तो शिबिराच्या दारात येऊन उभा राहील.

पावलांचं उत्तर हवं आहे.

आत्या


१३ मार्च

प्रिय आत्या,

तुझी शीर आणि तुझे पट्टे राहू देत, आधी बातमी ऐक. भिंतीवर सगळ्यांत वर मी आहे! आणि माझ्या खाली कोण, तर माई. मास्तर तर हवेतच आहेत. म्हणाले, “ही बघा, या वयात काय पळते.” आमच्या दोघींचे पळण्याचे आकडे रोज इतके जवळजवळ येतात की ते आम्हांला जुळ्या बहिणी म्हणतात. एक दिवस तर दोन्ही ओळी अगदी सारख्या आल्या, तर त्यांनी टॅबलेटच बंद करून परत चालू केला.

कोचबाईंनी काल जवळ बोलावून सांगितलं, सेमीफायनलला तू जवळजवळ पूर्ण वेळ कोर्टवर राहणार. माझ्या जागेसाठी एक नवी मुलगी आणली आहे, चपळ आहे, तोंडाने कमी बोलते आणि डोळ्यांनी सगळं मोजते. ती तेव्हा तिथेच बूट बांधत होती. तिने ती नाडी किती वेळ बांधावी!

माई मजेत आहे. हल्ली दुपारी जेवली की बूट न काढताच आडवी होते आणि घोरते. संध्याकाळी मला म्हणते, “पोरी, पोटऱ्या जरा चेपून दे.” मी चेपून देते, ती मला तुझ्या कोपराच्या गोष्टी सांगते. तू म्हणतेस तसं ‘ठेवायचीस’ हे तिला मान्य नाही.

आईला सांग मी नीट जेवते.

शिडी


१६ मार्च

शिडे,

पावलांचं उत्तर आलं नाही. ते मी गृहीत धरलं होतं. पण तू जे लिहिलंस ते दोनदा वाचलं आणि हातातला चहा तसाच राहिला.

तू कोर्टच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बॉल नेणारी. माई बास्केटखाली उभी राहून ढकलाढकली करणारी. तुमच्या पळण्याचे आकडे एखाद्या दिवशी जुळतील, रोज जुळणार नाहीत. मी इतकी वर्षं हेच काम करते आहे. दोन बायकांचं पळणं असं रोज जुळायचं तर दोन्ही कासवं एकाच पाठीवर असावी लागतात. तुझ्या मास्तरांना ते दिसत नाही कारण समोर अख्खा संघ पळतो आहे आणि ते गृहस्थ काचेत बघत बसले आहेत.

तुझी टाच दुखते आहे. तू पळण्याच्या वेळेला कासव माईला देतेस. आणि त्या खोट्या आकड्यांवर तुला सेमीफायनलचा पूर्ण वेळ मिळाला आहे. तुला कळतंय का काय केलंस? जे तुला सरावात झेपत नाही म्हणून तू लपवलंस, त्याच्या कितीतरी पट अवघड गोष्ट तू स्वतःच्या पदरात पाडून घेतलीस. ती शीर तुटली तर वर्षभर काठी घेऊन चालशील, आणि त्यानंतर खेळशील की नाही ते मला सांगता येणार नाही.

मला खरं लिही. नाही लिहिलंस तर मी मास्तरांना लिहीन. ही धमकी आहे असं समज.

आत्या


१९ मार्च

आत्या,

खरं आहे.

सकाळी भिंतीला धरून मोरीपर्यंत जाते. थोडं चाललं की टाच सुटते. पाच विरुद्ध पाचच्या सरावात कासव माझं मीच घालते, तेवढं जमतं. पण लांब पळायचं म्हटलं की डाव्या टाचेत कोणी चिमटा लावून ओढतंय असं होतं. ही सत्रं मोठ्या हॉलमध्ये होतात. कोचबाई तेव्हा दुसऱ्या संघांचे सामने बघत बसलेल्या असतात, मास्तर टेबलाशी. मी सगळ्यांच्या मागे राहते, खुर्च्यांची रास आहे तिच्याआडून कोपरा कापते.

कल्पना माझी होती. माई आधी नाही म्हणाली. म्हणाली, “हे बरं नव्हे. जाऊन सांग, थोडी विश्रांती घे.” मी म्हटलं, विश्रांती घेतली की माझं नाव भिंतीवर तळाला जाईल आणि ती नवी खेळेल. मग म्हणाली, “ती नवी बॉल स्वतःच मारते. तू नसलीस तर फायनलला मला बॉल देणार कोण?” तिने इतक्या वर्षांत एकही चषक उचललेला नाही, आत्या. दुसऱ्या दिवशी तिनेच हात पुढे केला आणि म्हणाली, “आण इकडे. पण तुझे आकडे खोटे वाटायला नकोत, म्हणजे मला तुझ्यासारखं पळावं लागणार.” आणि हसली.

तू लिहिलंस तर एकटी मी जाणार नाही, तीही जाईल. तिच्याकडे पुढचा हंगाम नाही. माझ्याकडे असेल कदाचित, पण ही जागा नसेल. दोनच सामने राहिलेत. दोन सामने माझी टाच टिकेल, मला आतून कळतं. त्यानंतर तू म्हणशील तितके महिने मी पलंगावर पडून राहते.

तुझ्या पाया पडते, लिहू नकोस. बाबांनाही सांगू नकोस.

शिडी


२२ मार्च

शिडे,

मास्तरांना पत्र लिहिलं. पाकिटात घातलं, तिकीट लावलं, टपालपेटीपर्यंत नेलं आणि घेऊन परत आले. घरी येऊन स्वतःला चांगलं फैलावर घेतलं. पण पत्र ड्रॉवरमध्येच आहे.

आपल्या कामात मी कोणाचं ऐकत नाही असा माझा लौकिक आहे. तुझं ऐकलं. तू माझ्या भावाची पोर नसतीस तर ऐकलं नसतं, एवढं लक्षात ठेव आणि डोक्यावर बसू नकोस.

आता नीट वाच. दोन्ही बुटांत टाचेखाली रबराची पातळ चकती घाल, एकाच बुटात नको, नाहीतर कंबर धरेल. सकाळी ती शीर ताणू नकोस, आधी गरम पाण्याने सैल होऊ दे. सामन्याआधी उड्या मारून प्रेक्षकांना खूश करायचं नाही, नुसतं चालत हातपाय मोकळे कर. थांबताना उजव्या पायावर भार घ्यायची सवय आजपासून लाव. क्वार्टर संपला की उभी राहू नकोस, लगेच बस आणि पाय खुर्चीवर ठेव. आणि कळ चढत गेली, म्हणजे दुखून थांबण्याऐवजी दुखतच राहिली, तर त्या क्षणी हात वर करून बाहेर ये. तेव्हा माई नाही, चषक नाही, कोणी नाही.

सेमीफायनलपर्यंत पळण्याची सत्रं तशीच चालू देत. टाचेला तेवढाच आराम. माईला म्हणावं मी तिची आभारी आहे.

मला रोज धडकी भरते.

आत्या


२९ मार्च

शिडीबाई,

जिंकलात. काल टीव्हीवर सगळा सामना पाहिला, म्हणजे खरं तर पाहिलाच नाही. बॉल कुठे आहे याकडे माझं लक्षच नव्हतं, मी तुझी डावी टाच बघत होते. दादा शेजारी बसून ओरडत होता, मला म्हणाला, “तू अशी का बसलीस, कोणी मेल्यासारखी?” मी म्हटलं डोकं दुखतंय.

पहिल्या अर्ध्यात तू दोनदा लंगडलीस. वहिनीच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं. पण भार उजव्यावर घेत होतीस, शहाणी आहेस. तिसऱ्या क्वार्टरमध्ये तर तुला दम लागलेला दिसत होता आणि टाइमआउट कोणी घेईना. मी मनात म्हणत होते, काहीतरी होऊ दे आणि खेळ थांबू दे. तेवढ्यात माई पडली. खेळ चांगला बराच वेळ थांबला, तू बेंचवर बसलीस, पाय खुर्चीवर ठेवलास, आणि खरं सांगते, मी सुटकेचा श्वास टाकला.

तिला काय झालं? कॅमेरा तिच्यावर राहिला नाही. स्ट्रेचर आणलं तेवढं दिसलं. वाईट वाटलं, पण या वयात पाय कधी दगा देतील सांगता येत नाही. तिला म्हणावं लवकर बरी हो.

आता फायनलपर्यंत दहा-अकरा दिवस आहेत. टाचेची रोजची खबर हवी. सूज आहे का, कुठे आहे, सकाळी किती वेळाने सुटते, सगळं लिही.

आत्या


२ एप्रिल

आत्या,

सूज आहे. सकाळी अर्ध्या तासाने सुटते. झालं तुझं उत्तर.

माईची शीर तुटली. टाचेमागची, उजव्या पायाची. तिला कोणाचा धक्का लागला नाही. मीच बॉल दिला होता, जरा पुढे गेला, ती त्याच्यामागे धावली, थांबली आणि वळली. तू लिहिलं होतंस तसंच. मागे वळून म्हणाली, “कोणी लाथ मारली गं?” मागे कोणी नव्हतं. मग खाली बसली.

परवा ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, शीर आधीपासून सुजलेली असणार, काही आठवडे तरी तिच्यावर फार ताण पडला आहे. काल मास्तरांनी बैठकीत भिंतीवरचे कागद दाखवून सांगितलं की तिचे आकडे उत्तम होते, रोज चढते होते, म्हणजे सरावात काही चुकलं नाही, वयाने घात केला. कोचबाई म्हणाल्या, आपण तिचा छान सत्कार करू. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

आत्या, बास्केटखाली उभी राहणारी बाई तीन आठवडे माझ्यासारखी पळाली, तिचं वय माझ्या दीडपट. तिला कधीच इतकं पळावं लागत नाही. तिला ते पळावं लागलं कारण माझं कासव खरं वाटायला हवं होतं. दुपारी बूट न काढता झोपायची ते मी तुला गंमत म्हणून लिहिलं. संध्याकाळी पोटऱ्या चेपायचे तेव्हा हाताला कळायचं की त्या दगड झाल्या आहेत. मला वाटायचं, म्हातारी झाली.

तुझी सगळी पत्रं परत वाचली. चकती, गरम पाणी, खुर्ची, सगळं आहे. तिच्या पायाबद्दल एक ओळ नाही. तू दोन कासवं ओळखलीस पण ती घालून पळणारीचं काय होत असेल ते तुलाही सुचलं नाही. मी तुला दोष देत नाही, तू लांब होतीस. मी तिच्या शेजारच्या पलंगावर होते.

उद्या सकाळी मी कोचबाईंना आणि मास्तरांना सगळं सांगणार आहे.

शिडी


४ एप्रिल

शिडे,

तुझं पत्र आता मिळालं. तू सांगितलंही असशील.

एकाच वाक्याने मला बसायला लावलंस. मी ‘पळण्याची सत्रं तशीच चालू देत’ असं लिहिलं होतं. माझ्या हाताने. ज्या बाईला कोणाच्या शरीरावर किती भार टाकायचा हे सांगायचे पैसे मिळतात, तिने हे लिहिलं. मला फक्त माझी पोर दिसत होती.

सोबत मास्तरांसाठी पत्र आहे. मला सगळं माहीत होतं आणि मी गप्प बसले, असं त्यात सरळ लिहिलं आहे. त्यांना दे. तू एकटीने का ऐकून घ्यायचं?

शनिवारी निघते. दादाला मीच सांगेन.

आत्या


९ एप्रिल

आत्या,

तुझं पाकीट पोचलं. मास्तरांना दिलं नाही. त्याआधीच सगळं होऊन गेलं होतं.

३ तारखेला सांगितलं. मास्तर काही ओरडले नाहीत. त्यांनी टॅबलेट उघडला, माझी ओळ आणि माईची ओळ एकाखाली एक लावली आणि बोट फिरवत शेवटपर्यंत बघितली. कान लाल झाले होते. मग म्हणाले, “मी मान वर करून बघायला हवं होतं.” कोचबाई मात्र ओरडल्या. मला संघातून काढलं, पुढच्या हंगामाचं नंतर बघू म्हणाल्या. नवी मुलगी फायनल खेळली. चांगली खेळली. शेवटच्या क्वार्टरपर्यंत बरोबरी होती, मग हरलो.

मी सामन्याला गेले नाही. हॉस्पिटलात माईजवळ होते. तिच्या खोलीत टीव्ही आहे, भिंतीला टांगलेला, आवाज येत नाही. सामना सुरू झाला तरी मी खुर्चीवरून उठेना, तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं. तोपर्यंत तिला वाटत होतं की मी भेटून स्टेडियमवर जाणार आहे, टाच मुरगळल्याचं सांगून उशिरा उतरणार आहे. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. मी सांगितलं.

मला वाटलं होतं ती मला जवळ घेईल. तू हसशील, पण मला खरंच तसं वाटलं होतं.

ती म्हणाली, “तुला कोणी विचारलं होतं?”

मी म्हटलं, ते सगळे तुझ्या वयावर ढकलत होते.

“ढकलू देत की. माझं वय झालंच आहे. माझा पाय गेला तो गेला, पोरी. त्याच्या बदल्यात तू तिथे असणार होतीस. चषक तू उचलला असतास तर मी इथून बघितलं असतं. आता तूही इथे, मीही इथे. मग मी पळाले कशाला?”

त्यानंतर ती भिंतीवरचा सामना बघत राहिली, अगदी हरेपर्यंत. मी शेजारच्या खुर्चीवर बसून होते. सांगून मी चूक केली असं मला अजूनही वाटत नाही. ती माझ्याशी बोलत नाही. मी दिलेलं पाणी मात्र पिते.

तू शनिवारी येशील तेव्हा स्टेशनवरून सरळ तिच्याकडे जा, दुसरा मजला, जिन्याजवळची खोली. तिचा पाय बघ. माझ्याकडे नंतर ये.

शिडी